पाचरीवरची तबकडी

"ओ मॅडम, पाचर काढू नका!"

माझा हातोडा हवेतच थांबला. कलिन्याच्या गावठाणातल्या त्या अंगणात, दगडी चौथऱ्यावरच्या पितळी तबकडीशी मी उकिडवी बसले होते. समोरून एक उंच, घामाघूम तरुण धावत आला.

"तुमच्या मम्मींना विचारलंय," मी घाईने म्हटलं.

"मम्मीला काय कळतंय त्यातलं! मी मेलरॉय. आणि तुम्ही?"

"श्रुतिका. आमचं खगोल मंडळ मुंबईतल्या सूर्यतबकड्यांची यादी करतंय... आडव्या, उभ्या, बिघडलेल्या. आज शेवटचा दिवस. ही कललीय. सरळ केली तर आडव्यांत जाईल, नाहीतर—"

"बिघडलेल्यांत? माझा आजा ॲम्ब्रोज बोटीवर होता. लंडनहून आणून स्वतः बसवलीय त्याने! काट्याची धार ध्रुवताऱ्याकडे रोखलेली लागते. तिकडे तो उंच दिसतो, म्हणून हा काटा इतका उभा. इकडे तारा खाली. म्हणून आज्याने दगडाची पाचर मारून अख्खी तबकडीच कलवली."

"काटा नाही, शंकू म्हणायचं. दोन तास भांडून ठरवलंय आम्ही."

"आमच्याकडे न भांडता काटा ठरलाय."

मला हसू आलं. मग मी घड्याळ पाहिलं. तीन एकोणचाळीस. मुंबईतला सूर्य प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे, तेवढी वजा केली... सावली नेमकी तीनच्या रेषेवर!

तापलेल्या पितळेशी गाल नेऊन मी शंकूच्या धारेवरून वर पाहिलं. एक विमान चढत होतं. त्याच्याही पलीकडे, त्या भगभगीत उजेडात, न दिसणारा ध्रुवतारा होता. एका खलाशाने दगडाच्या एका तुकड्याने त्या ताऱ्यावर नेम धरला होता... आणि मी तो तुकडा उपटणार होते!

"चुकले मी," मी पुटपुटले. "यादीत नवा प्रकार घालते— 'इथे रुळलेली'."

"मंडळ ऐकेल?"

"नाही ऐकलं तर अजून दोन तास भांडेन."

मी लिहून वही मिटली. तो चौथऱ्यापाशीच घुटमळत राहिला.

"यादी झाली... म्हणजे आता तू येणार नाहीस?"

"यायला कारण लागतं?"

"नाही ना... म्हणजे— तू ये यार. मला बघायचंय तुला. परत. रोज, जमलं तर."

"रोज मुलुंडहून?"

"मी येतो मग मुलुंडला."

बोलता बोलता तो पुढे झुकला आणि त्याची सावली सगळ्या तबकडीवर पसरली. किती वाजले ते दिसेना. त्याला बाजूला हो म्हणावं, असं मला मुळीच वाटलं नाही.