आप्पांची नेग्रोनी

टिळकवाडीतल्या आमच्या फ्लॅटच्या ओट्यावर एका बाजूला माझ्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, दुसऱ्या बाजूला आदर्शच्या बाटल्या, आणि मधे सरहद्दीवरच्या खांबासारखा मिक्सर. आदर्श माझा नवरा. बंगळूरच्या एका कंपनीचं काम तो घरूनच करतो आणि संध्याकाळी लॅपटॉप मिटला की जगभरातली नावाजलेली कॉकटेल्स करायला घेतो. ओल्ड फॅशन्ड, डायकिरी, मार्गारिटा. सगळं यूट्यूबवर बघून शिकला. दोन तोंडांचं स्टीलचं माप मागवलं, पिळाच्या दांड्याचा लांब चमचा मागवला, बर्फाचे साचे मागवले. एवढ्या निगुतीने त्याने कधी पोहे केले असते तर मी त्याची आरती ओवाळली असती.

टोमणे मारत असले तरी माझी खरी तक्रार नव्हती. त्याचे वडील आप्पा, म्हणजे कडोलीचे मारुतीराव, दारूनेच गेले. शेवटी पोट पाण्याने फुगलं होतं आणि डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. आदर्शचं म्हणणं असं की आप्पा न मोजता प्यायले, आपण मोजून घेऊ, एकच घेऊ, चवीने घेऊ. तो एक ग्लास त्याने कधी ओलांडला नव्हता. मोजणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसतो, कारण माझं पोटच मोजण्यावर चालतं. निपाणीच्या अलीकडे, हायवेला लागून असलेल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मी केमिस्ट आहे. दिवसभर मद्यार्काचं प्रमाण काढते. स्वतः आजवर थेंबही घेतलेला नाही.

आणि मला दिवस गेले होते. आधी दोनदा राहिलं आणि गेलं. दोन्ही वेळा लोक समजूत घालून गेले आणि मी समजूत पटल्यासारखं तोंड करून बसले. हे तिसरं मूल मला हवं होतं. त्यापुढे मला दुसरं काहीही नको होतं.

भाद्रपदात कडोलीला आप्पांचा महाळ होता, म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध. आमच्याकडे त्या दिवशी, गेलेल्या माणसाच्या आवडीचं सगळं त्याच्या फोटोपुढे ठेवतात. वडे, खीर, विडी, आणि पिणारा असला तर क्वार्टरसुद्धा. सासूबाईंना, म्हणजे बाळाबाईंना, मी मामी म्हणते. त्यांनी आप्पांपुढे क्वार्टर कधी ठेवू दिली नाही. "जित्तेपणी लई प्याला. आता चा पिऊ दे," म्हणायच्या.

या वर्षी आदर्शने घरूनच नेग्रोनी बाटलीत भरून नेली. जिन, कंपारी आणि गोड व्हर्मूथ, तिन्ही समसमान. रंगाला लालभडक, चवीला म्हणे कारल्याच्या वरताण.

"आई, ही गावठी न्हाय. आप्पांनी चांगलं काय असतंय ते कधी चाखलंच न्हाय गं," तो म्हणाला. आप्पांच्याच स्टीलच्या पेल्यात ओतून, वर संत्र्याची साल पिळून त्याने फोटोपुढे ठेवली. मामींनी मान फिरवली.

चूक नंतर झाली. देवापुढचा प्रसाद घरच्यांनी घ्यायचा असतो. पितरापुढचा पेला मात्र परसात नेऊन मातीत ओततात, त्याला घरच्यांनी तोंड लावायचं नसतं. कंपारीची बाटली महागाची, तेव्हा ती मातीत ओतणं आदर्शच्या जिवावर आलं. त्याने पेला उचलला आणि हसत हसत, उभ्यानेच रिकामा केला.

मामींच्या हातातलं ताट हातातच राहिलं. "उष्टं प्यालास? आता त्यो तुज्या संगट बसतोय बघ."

"बसू दे की. मलाबी कंपनी हुईल," आदर्श म्हणाला. मीसुद्धा हसले.

नवरात्राच्या सुमारास तो एकदा ग्लास उजेडात धरून म्हणाला, "ऋतिका, चढंनाच झालीया गं."

"दुकानदाराने पाणी घातलं असेल."

"सीलबंद बाटलीत?"

मी ग्लास हुंगला. संत्र्याच्या सालीचा वास होता, कंपारीचा कडसर वास होता, पण नाकाला झोंबणारं जे असतं ते नव्हतं. माझं नाक या बाबतीत चुकत नाही. दुसऱ्या दिवशी मी दोन नमुने कामावर नेले, एक बाटल्यांतून थेट काढलेला आणि एक त्याने दोन घोट घेऊन ठेवलेल्या ग्लासातला. साखरेमुळे मापक फसतो, म्हणून दोन्ही उकळले, वाफ थंड करून पुन्हा पाणी केलं आणि मग मोजलं. बाटल्यांमधलं प्रमाण जितकं हवं तितकंच होतं. ग्लासातलं शून्य. मी उपकरण धुऊन परत मोजलं. पुन्हा शून्य.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. कारण कळत नव्हतं, पण नवरा रोज संध्याकाळी रंगीत कडू पाणी पितो आहे यात कुठल्या बायकोला वाईट वाटेल? तो मात्र चिडला. एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. चढत नाही म्हटल्यावर मोजायचं तरी कशाला, असं म्हणायला लागला. त्याच सुमाराला माझं तोंड कडू पडायला लागलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, अशा दिवसांत होतं, खडीसाखर चघळा.

आमच्या डिस्टिलरीच्या गेटवर बाहेर पडताना यंत्रात फुंकावं लागतं. आतल्या आत कोणी स्पिरिट चाखू नये म्हणून. एका संध्याकाळी मी नेहमीसारखं फुंकलं आणि यंत्र वाजलं.

वॉचमन भरमू हसला. "म्याडम, मशीन बिघडलीया बगा. तुम्ही आनि घेनार व्हय?" त्याने स्वतः फुंकलं, यंत्र गप्प. मागच्या दोघांनी फुंकलं, तरी गप्प. मी पुन्हा फुंकलं, पुन्हा वाजलं. आता भरमू हसला नाही. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "जावा तुम्ही. बस सुटंल."

बसमधून मी आदर्शला फोन लावला. त्या दिवशी त्याला सुट्टी होती.

"काय करतोयस?"

"मार्गारिटा. जेवल्यापासनं चार केल्या. पाणी नुसतं."

पुढच्या शनिवारी मी यंत्र मागून घरी आणलं. त्याला टेबलापाशी बसवलं आणि समोर मी बसले. आधी दोघांनी फुंकलं. दोघांचंही शून्य. मग त्याने नेग्रोनीचे तीन-चार मोठे घोट घेतले. आम्ही थोडा वेळ थांबलो. खाली कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं. त्याने फुंकलं. शून्य.

मी फुंकलं. आकडा वर चढत गेला.

माझं डोकं मात्र लख्ख होतं. जीभ जड नव्हती, हात स्थिर होता. जे काही येत होतं ते माझ्यापाशी थांबत नव्हतं.

आणि तेव्हाच पोटात पहिल्यांदा हालचाल झाली. मऊ, सुखावलेली, पोटभर जेवून कूस बदलल्यासारखी.

मी पोटावर हात ठेवलेला बघून आदर्शला कळलं. तो उठला आणि एकेक बाटली बेसिनमध्ये ओतायला लागला. जिन, कंपारी, टकिला, सगळं. ओतताना तो रडत होता. "मला माफ कर गं," एवढंच म्हणत होता. मी त्याला थांबवलं नाही. त्याचा मला संताप आला होता. पुढे किती दिवस रिकाम्या बाटल्या दारामागे गोणीत पडून होत्या, आणि तो त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हता.

सुरुवातीला सगळं ठीक होतं. तोंडाचा कडवटपणा गेला. यंत्र गप्प राहिलं. मी लिंबाचं सरबत पिऊन समाधानाने झोपत होते.

मग पोटातलं हलणं कमी झालं.

मग थांबलं.

डॉक्टरबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं, फिरवत राहिल्या. "ठोके आहेत, पण फार मंद आहेत," त्या म्हणाल्या. "घरून कपडे घेऊन लगेच या. ॲडमिट करून घेते." त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. आधी दोनदा मी त्यांचा तो आवाज ऐकला होता. पुढचं मला माहीत होतं.

रिक्षातून घरी जाताना आदर्शने माझी फाईल मांडीवर धरली होती. खडेबाजार ओलांडल्यावर मी रिक्षा थांबवायला सांगितली आणि दारूच्या दुकानाकडे बोट केलं. त्याने माझ्याकडे बघितलं. उतरला आणि बाटल्या घेऊन आला.

घरी मामी आल्या होत्या. सकाळी आदर्शने फोन केल्यावर कडोलीहून मिळेल त्या बसने, पिशवीसुद्धा न घेता.

मी ओट्यापाशी उभी राहिले. जिन मोजली. कंपारी मोजली. व्हर्मूथ मोजली. बर्फ घालून ढवळलं, साल पिळली. मोजताना एक थेंबही इकडचा तिकडे झाला नाही याची मला आजही लाज वाटते.

"घे," मी म्हटलं.

"ऋतिका, नको गं."

"घे म्हणते ना."

आदर्शने डोळे मिटले आणि ग्लास रिकामा केला.

आम्ही तिघंही उभे होतो. फ्रीजचा आवाज येत होता.

बाळ हललं. आधी जरासं, मग जोरात. पुन्हा. पुन्हा. मी खालीच बसले आणि हमसून हमसून रडले. इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता आणि इतकी किळसही आली नव्हती.

लाथा थांबेनात. आता त्या आनंदाच्या राहिल्या नव्हत्या. मागण्याच्या होत्या. मी उठून दुसरा ग्लास करायला घेतला.

मामी जवळ आल्या. त्यांनी पोटावर हात ठेवला आणि चटका बसावा तसा काढून घेतला. ओळख पटली होती. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नुसता शीण होता. त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं.

"दुसऱ्यात निम्मं पानी घाल," त्या कुजबुजल्या. "मी जलमभर त्याच्या पेल्यात तसंच करत आलते. फकस्त नळ हळू सोड. त्याला आवाज कळतोय."

मी नळ अगदी बारीक सोडला.

पोटातली हालचाल एकदम थांबली, कान दिल्यासारखी.