उघडी खुर्ची

बसा नीट. पांघरूण घ्यायचं असेल तर आत्ताच घ्या, मध्येच उठायचं नाही. आणि तो मोबाईल पालथा ठेव बाळा, उजेड डोळ्यांत जातो. मी सांगतोय ते कुठल्या पुस्तकातलं नाही. माझ्या सख्ख्या मेहुणीच्या बाबतीत घडलंय, तुमच्या आजीच्या धाकट्या बहिणीच्या. हो, तीच. भेटल्या भेटल्या "सध्या काय वाचताय?" विचारते आणि तुम्ही सगळे तोंड चुकवून पळता, तीच.

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतला शेवटचा गुरुवार. अमावास्या नव्हती, वादळ नव्हतं, कुत्री रडत नव्हती. अगदी साधा गुरुवार. सव्वासहाच्या सुमाराला मेहुणी बिस्किटं आणायला वाचनालयातून बाहेर पडली.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराने विचारलं, "आज दोनच पुडे? मागच्या वेळी चार नेलेत ताई."

"मागच्या वेळी आशा होती," मेहुणी म्हणाली आणि पैसे टेकवून निघाली.

आता तिचा वैताग समजून घ्या, नाहीतर पुढचं समजणार नाही. शहराच्या सार्वजनिक वाचनालयात ती कार्यक्रमांचं काम बघते. सगळे फुकट. म्हाताऱ्यांना कॉम्प्युटर शिकवणं, लहान मुलांसाठी कागदाच्या वस्तू, डोळे तपासणी, कर कसा भरायचा त्याचं मार्गदर्शन. डोळे तपासायला रांग लागते. बाकीच्याला फोन येतात. "फुकट आहे? मग त्यात गोम काय?" "गाडी लावायला जागा आहे का?" "घरबसल्या मोबाईलवर दिसेल का?" कागदाच्या वस्तूंना आया मुलांना सोडतात आणि खरेदीला जातात, त्या दोन तासांनी पिशव्या भरून परत येतात. कॉम्प्युटरच्या वर्गाला एक आजोबा तीन महिने आले, शेवटच्या दिवशी कळलं की त्यांना फक्त पंख्याखाली बसायचं होतं. मेहुणी हे सांगते तेव्हा आम्ही हसतो. ती हसत नाही.

पण ह्या सगळ्यात तिचा जीव होता तो गुरुवारच्या वाचनात. काही नाही, संध्याकाळी सात वाजता वरच्या सभागृहात ती एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवते, ज्याला ऐकायची त्याने यावं. तुमच्या पणजोबांच्या घरात पुस्तक नावाची वस्तू नव्हती. मेहुणी शाळकरी असताना पहिली गोष्ट तिने त्याच सभागृहात, भिंतीला टेकून ऐकली. कोणीतरी आपल्यासाठी वाचतंय, ह्या एवढ्याशा गोष्टीने ती त्या दिवशी रडली होती. पुढे नोकरी धरली तीही तिथेच. एकेकाळी गुरुवारी माणसं दारात उभी राहायची. मग गळती लागली. मग ओळखीचे तेवढे उरले. मग तेही "नक्की येते हं" म्हणायला लागले. 'नक्की' म्हणणारं माणूस कधी येत नाही, हे तिला आता पाठ झालंय.

त्या आठवड्यात साहेबांनी तिला बोलावलं होतं. साहेब म्हणजे मुख्य ग्रंथपाल. माणूस वाईट नाही, पण त्याच्याही डोक्यावर कोणीतरी बसलेलं. एक जिमवाला सभागृह भाड्याने मागत होता.

"मॅडम, तुमची तळमळ कळते मला," साहेब म्हणाले. "पण रिकाम्या खुर्च्यांना मी किती दिवस पाठीशी घालू? गुरुवारी कार्यक्रमाचा फोटो पाठवा. माणसं दिसली तर मी भांडतो वरती. नाही दिसली तर एक तारखेपासून जिम."

म्हणजे तो गुरुवार शेवटचा होता, किंवा नव्हता. मेहुणीने आठवडाभर घसा कोरडा केला. ओळखीच्यांना फोन, शेजारणींना विनवण्या, माझ्यासुद्धा मागे लागली. मी म्हटलं, "नक्की येतो." ... काय बघता? मीही माणूसच आहे.

आता खुर्च्यांचं सांगतो. तिथे घडीच्या लोखंडी खुर्च्या आहेत. पूर्वी एकदा एक बाई स्वच्छतागृहात असताना किल्लीकाकांनी, म्हणजे तिथल्या रखवालदाराने, बाहेरून कुलूप लावलं. बिचारी रात्रभर आत. तेव्हापासून मेहुणीने नियम घातला. कार्यक्रम संपला की आपली खुर्ची आपण मिटायची आणि भिंतीला टेकवायची. दुसऱ्याच्या खुर्चीला हात लावायचा नाही. किल्लीकाका कुलूप लावण्याआधी आत डोकावतात. एक जरी खुर्ची उघडी दिसली तरी किल्ली खिशातच राहते. उघडी खुर्ची म्हणजे माणूस अजून आत आहे.

आणि ज्या खुर्च्यांवर कोणी बसलंच नाही त्या? त्या मेहुणी स्वतः सुरुवातीलाच मिटून टाकते. सात वाजून गेले की जादाच्या खुर्च्या बाजूला, म्हणजे हिशेब चोख आणि चार माणसं असली तरी जागा भरल्यासारखी वाटते.

त्या गुरुवारी सात वाजले. मेहुणी टेबलाशी पुस्तक घेऊन बसलेली. शेजारी बिस्किटांची बशी. समोर भिंतीपर्यंत खुर्च्या. कोणी नाही. पावलं वाजली, ती एका मुलीची, तिला झेरॉक्स कुठे काढतात ते हवं होतं. साडेसात झाले. एक माणूस नाही. तिची सख्खी मुलगी नाही, शेजारीण नाही, मी नाही.

इथे तिचं डोकं फिरलं. रडू यायचं तर संताप आला. जादाच्या खुर्च्या मिटायच्या, तर सगळ्याच जादाच्या. तिने एकही मिटली नाही. "राहू देत," ती मोठ्याने म्हणाली. "बघू देत साहेबांना." फोन काढला, रिकाम्या रांगांचा फोटो घेतला, साहेबांना पाठवला. एक शब्द लिहिला नाही. मग पुस्तक उघडलं आणि त्या खुर्च्यांकडे बघून म्हणाली, "आता तुम्हीच ऐका."

आणि वाचायला लागली. रागारागाने, भांडल्यासारखी.

आता त्या सभागृहातले दिवे. वीज वाचावी म्हणून ते हालचालीवर चालतात. जिथे कोणी हलत नाही तिथले दिवे थोड्या वेळाने आपोआप जातात. वाचनाला हा मोठा ताप, लोक गुंगले की अंधार होतो, मग कोणीतरी हात हलवायचा. त्या दिवशीही तेच झालं. ती स्थिर बसून वाचत होती, डोक्यावरचा दिवा गेला. तिने हात हलवला. लागला. पुन्हा वाचायला लागली.

काही पानं झाल्यावर तिच्या लक्षात आलं, राग कुठेतरी गेलाय. आवाज बसलाय नीट, हवा तसा लागतोय. समोर ती शांतता होती. रिकाम्या खोलीची वेगळी असते. ही ऐकणाऱ्यांची होती. वीस वर्षं लोकांसमोर वाचणाऱ्या बाईला तेवढं कळतं. गोष्टीत एक गमतीची जागा होती, तिथे ती सवयीने थांबली. हसू यायला वेळ द्यावा लागतो ना.

थांबली आणि... तिला वाटलं, आपण कोणासाठी थांबलो?

तिने मान वर केली.

तिच्या डोक्यावरचा दिवा पुन्हा गेला होता. मधले दिवे कधीच गेलेले. मागचे मात्र चालू होते.

शेवटच्या रांगेवरचे. तिथे संध्याकाळपासून कोणी फिरकलेलं नव्हतं. तरी चालू. आणि जात नव्हते.

तिने हात हलवायचा होता. हलवला नाही.

टेबलावरचा फोन थरथरला. साहेबांचा निरोप.

"वा मॅडम! मानलं. आता मी भांडतो वरती. फक्त पुढच्या वेळी मागे उभे आहेत त्यांनाही खुर्च्या द्या."

तिने तो वाचला. परत वाचला. मग स्वतः पाठवलेला फोटो उघडला. खुर्च्या. रिकाम्या. मागे भिंत. बोटांनी मोठा करून बघितला. भिंतच.

फोनवरून नजर काढून समोर बघायचं तिला धाडस होईना.

"मग?" ... थांब रे. तीही थांबली होती.

तिने पुस्तक मिटलं. गोष्ट अर्धी होती. उठून उभी राहिली. आणि सवय कशी असते बघा. इतकी वर्षं कार्यक्रमाच्या शेवटी जे बोलायची तेच तोंडातून निघालं.

"आज इथेच थांबू. आपापली खुर्ची मिटून ठेवावी, ही विनंती."

बोलली आणि तिचं तिलाच... काय बोललो आपण?

ती दाराबाहेर आली. दार मागे आपोआप लागलं. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरली.

खट्.

ती थांबली.

... खट्.

... खट्. खट्.

लोखंडी खुर्ची मिटली की होतो तो आवाज. आणि मग भिंतीला टेकवल्याचा हलका घासता आवाज. ओढाताण नाही, घाई नाही. एकामागून एक. शिस्तीत.

मेहुणी खाली आली ती कशी आली तिला माहीत नाही. किल्लीकाका टेबलाशी डबा धुऊन पुसत होते.

"झालं का ताई? आज बरीच मंडळी दिसतायत."

"तुम्ही... कोणाला वर जाताना बघितलंत?"

"मी मागे जेवत होतो. पण आवाज येतोय ना, मिटतायत खुर्च्या." काका कौतुकाने म्हणाले. "तुमचे गुरुवारवाले शहाणे. एकाला सांगावं लागत नाही."

वर खट्... खट्. दोघे ऐकत उभे. कोणी जिना उतरलं नाही.

मग आवाज थांबला.

काका किल्ली घेऊन निघाले. मेहुणीला वर जायचं नव्हतं, पण खाली एकटं थांबायचं त्याहून नव्हतं. ती त्यांच्या मागे गेली. काकांनी दार ढकललं. नेहमीसारखं डोकावले.

सगळ्या खुर्च्या मिटलेल्या. भिंतीला ओळीने टेकलेल्या. मधली फरशी मोकळी. आणि शेवटच्या रांगेच्या जागी, तेवढ्या एका दिव्याखाली...

एक खुर्ची उघडी.

"अजून एक जण आहे आत," काका म्हणाले आणि किल्ली परत खिशात घातली.

त्यांनी हाक मारली, "अहो, चला, बंद करायचंय." कोणी बोललं नाही. स्वच्छतागृह बघितलं. रिकामं. पुस्तकांच्या कपाटांमागे बघितलं. कोणी नाही. परत येऊन त्यांनी खुर्चीकडे बघितलं, मग मेहुणीकडे. तेव्हा तिचा चेहरा त्यांना नीट दिसला असावा. मग त्यांनी शोधायचं सोडलं. कुलूपही लावलं नाही. रात्रभर खाली जागत बसले. सांगतात, वरच्या खिडकीतला तेवढा एक दिवा सकाळपर्यंत गेला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. जिमवाल्याला नकार गेला. तिने खरं सांगायला तोंड उघडलं होतं, म्हणाली मला. पण सांगणार काय? साहेब, तिथे कोणी नव्हतं? म्हणजे स्वतःच्या हाताने सभागृह घालवायचं. ज्या भिंतीला टेकून तिने पहिली गोष्ट ऐकली ती भिंत आरशांनी मढवून तिथे वजनं उचलायची. तिने तोंड मिटलं. "हो साहेब, खुर्च्या वाढवू," एवढंच म्हणाली.

गुरुवार चालू आहे. रडतखडत पाच-सात माणसं येतात, कधी जास्त. वाचन संपतं, सगळे आपापली खुर्ची मिटून जातात, आणि एक उरते. मेहुणी जादाच्या खुर्च्या आधी मोजून मिटते, तरी उरते. काकांनी एकदा धीर करून ती मिटली होती. किल्ली लावण्याआधी परत डोकावले, तर उघडी. तेव्हापासून तेही हात लावत नाहीत.

मी तिला चिडून म्हटलं, "अगं, बंद कर ते वाचन. कशाला जीव धोक्यात घालतेस?"

ती माझ्यावरच उखडली. "भाऊजी, तुम्ही आलात का त्या दिवशी? तुमच्यातलं कोणी आलं? इतकी वर्षं मी एका माणसासाठी तडफडले, एकाने तरी शेवटपर्यंत बसावं. आता एक जण बसलाय, त्याला मी उठवू?" मग खालच्या आवाजात म्हणाली, "तशी भीती वाटते हो."

मी पुढच्या गुरुवारी गेलो. खरंच गेलो. शेवटपर्यंत बसलो, गोष्ट बरी होती. उठून माझी खुर्ची मिटली, बाकीच्यांनी मिटल्या, आणि ती एक उरली. मी मेहुणीला म्हटलं, "तू तर म्हणाली होतीस शेवटच्या रांगेत असते."

"असायची," ती म्हणाली. "मागे ऐकू येत नसेल नीट. म्हणून मी आता मोठ्याने वाचते."

तरीही दर गुरुवारी ती खुर्ची थोडी पुढे आलेली असते.

त्या दिवशी ती दुसऱ्या रांगेत होती.