मेंढा, रोबो आणि भूगोलाच्या बाई

"तो मेंढा काढून टाक," श्रीशैल म्हणाला. "माझा रोबो अंतराळातून आलाय. तो काय मेंढ्याशी भांडणार?"

"भांडतोय की," बिरुदेव म्हणाला. "आनि हारतोय बी."

हे खरं होतं, आणि तेच श्रीशैलला झोंबत होतं. शुक्रवारची सगळी संध्याकाळ असंच चाललं होतं. मेंढा धावत यायचा, धडक द्यायचा आणि रोबो पडद्याच्या बाहेर जाऊन पडायचा. लेसर, रॉकेट, पोलादी मुठी, सगळं जागच्या जागी.

सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी बाहेर पडलं तर चप्पल डांबराला चिकटते. म्हणून या तिघांनी सुट्टीभर घरात बसून मारामारीचा एक गेम बनवला होता. नाव 'भिडा'. नियम एकच, प्रत्येकाने आपापल्या दुनियेतला पैलवान आणायचा. आठवीत जाणाऱ्या श्रीशैलने रोबो आणला. शेजारच्या राजनंदिनीला प्रोग्रॅमिंग येत होतं. तिने सातवीच्या भूगोलाच्या बाई आणल्या. त्या पृथ्वीगोल फेकून मारायच्या. तिचा चुलतभाऊ बिरुदेव सुट्टीला सांगोल्याकडून आला होता. त्याच्या घरी माणसांपेक्षा मेंढरं जास्त. त्याने आणला मेंढा.

अंतराळ, शाळा आणि माळरान एका गेममध्ये कसं बसणार, हे श्रीशैलने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. राजनंदिनीचं म्हणणं होतं की मजा तीच तर आहे. रोबोशी रोबो भांडला तर ज्याच्यात लोखंड जास्त तो जिंकणार. पण रोबोशी भूगोलाच्या बाई भिडल्या तर? कुणालाच माहीत नाही, म्हणून तर बटण दाबायचं. अडचण एवढीच की आता मेंढा दर वेळी जिंकत होता, आणि उत्तर आधीच माहीत असलं की बटण दाबायला हात उचलत नाही, हे तिलाही कळत होतं.

"मेंढ्याला काहीतरी खोट असेलच ना रे बिरु?" तिने विचारलं.

"न्हाय," बिरुदेव म्हणाला, आणि छताकडे बघायला लागला.

श्रीशैलने चिडून पेनड्राइव्ह उपसला आणि फ्रिजवरच्या स्टीलच्या वाटीत टाकला. अख्खा गेम त्या एका पेनड्राइव्हमध्ये होता. घरच्या कॉम्प्युटरवर श्रीशैलच्या अनिलकुमार काकाने नातेवाइकांच्या लग्नांचे एवढे व्हिडिओ भरून ठेवले होते की त्यात मेंढ्याचं शिंगसुद्धा मावलं नसतं.

आणि शनिवारी सकाळी वाटी रिकामी!

घरात नुसती पळापळ. कारण आजच संध्याकाळी श्रीशैलच्या वडिलांना, चनबसप्पांना, गेम दाखवायचा होता. सुट्टीभर तुम्ही त्या खोक्यापुढे नक्की काय केलंत ते शनिवारी दाखवा, नाहीतर खोकं आपल्या टॉवेलच्या कारखान्यात जाईल आणि तुम्ही शिबिरात, असं त्यांनी बजावलं होतं. शिबिर म्हणजे 'उत्तुंग व्यक्तिमत्त्व विकास शिबिर'. भल्या सकाळी बागेत गोल उभं राहायचं, हात वर करायचे आणि सर सांगतील तेव्हा हा-हा-हा करून हसायचं. एका जागेची फी चनबसप्पांनी भरूनसुद्धा टाकली होती. पोराच्या हातून काही धड होणार नाही, याची त्यांना इतकी खात्री होती.

फ्रिजखाली बघितलं, पिठाच्या डब्यात बघितलं. शेंगाचटणीच्या बरणीत हात घालून श्रीशैलने तोच हात डोळ्याला लावला, त्यामुळे पुढचा तपास काही वेळ एकाच डोळ्याने चालला.

"तूच लपीवला असशील," बिरुदेव शेवटी म्हणाला. "तुला माजा मेंढा नको हुता."

"माझाही रोबो होता त्यात."

"हारणारा हुता."

दोघं एकमेकांच्या अंगावर जाणार तेवढ्यात राजनंदिनीने खिडकीतून हाक मारली. गल्लीतून गुरप्पा सायकलवर घरी चालला होता. चनबसप्पांच्या कारखान्यात तो रात्रपाळीला माग चालवायचा. त्याच्या खांद्यावर नवा कोरा टॉवेल होता आणि त्या टॉवेलवर शिंगं होती.

तिघं धावत खाली गेले. गुरप्पाने हौसेने टॉवेल उलगडून दाखवला. वर बिरुदेवचा मेंढा, त्याच्यासमोर श्रीशैलचा रोबो, दोघांच्या मधे पृथ्वीगोल उगारलेल्या भूगोलाच्या बाई. आणि खाली सुबक अक्षरांत विणलेलं: 'श्रीदेवी आणि गुरुसिद्ध, शुभविवाह'.

गुरप्पाने सांगितलं ते असं. वैरागच्या शिवलिंगप्पांच्या मुलीचं लग्न आहे, पाहुण्यांना आहेर करायच्या मोराच्या टॉवेलांची ऑर्डर आहे. नावं मागात आधीच भरलेली होती, फक्त चित्र यायचं होतं. अनिलअण्णांनी पहाटे येऊन मागाला पेनड्राइव्ह लावला आणि कानात वायर घालून फोनवर मॅच बघत बसले. पहिला नग बघून गुरप्पाने विचारलं होतं, हे बरोबर आहे का? अण्णा मान वर न करता म्हणाले, नवीन फॅशन आहे, चालू दे. मग चालू दिलं.

"मेंढा लई झ्याक आलाय," गुरप्पा म्हणाला आणि गेला.

राजनंदिनीच्या डोक्यात आता सगळं जुळलं. गेममधले पैलवान तिने, काका कारखान्यासाठी वापरायचा त्याच डिझाइनच्या प्रोग्रॅममध्ये, एकेक चौकोन भरत काढले होते. टॉवेलची नक्षीपण तशीच चौकोन भरून काढतात. त्यामुळे मागाला मोर आणि मेंढा यांत काही फरक वाटायचं कारण नव्हतं. मागाला डोळे नसतात. काकाला होते, पण ते मॅचवर होते.

"तुझे बाबा कुठायत?" तिने श्रीशैलला विचारलं.

श्रीशैलचा चेहरा पांढरा पडला. चनबसप्पा गाडी घेऊन वैरागला गेले होते. मुलीच्या बापाला दुपारी कारखान्यात आणून पहिला गठ्ठा दाखवायचा होता. नवरा-नवरीच्या नावावर मेंढा आणि रोबो भांडणाच्या पवित्र्यात उभे! शिवलिंगप्पांना वाटणार, माझ्या मुलीच्या संसाराचं भाकीतच विणलंय. ऑर्डर जाणार, बाबांचं नाव जाणार, आणि पोरांनी बनवलेल्या चित्रांमुळे ते झालं असं काका सांगणार. मग गेमपण जाणार.

तीन सायकली अक्कलकोट रोडने एमआयडीसीकडे सुटल्या. बिरुदेवच्या सायकलीची चेन दोनदा पडली, आणि दोन्ही वेळा श्रीशैल त्याच्यासाठी थांबला.

कारखान्याच्या फाटकावर गुंडामामा वॉचमन. लहान मुलांना आत सोडायचं नाही, असा मालकांचा हुकूम त्याने ऐकवला. हा मालकांचाच मुलगा आहे हे सांगूनही उपयोग झाला नाही. मालकांनी हुकूम दिला तेव्हा मालकांचा मुलगाच समोर उभा होता, असं गुंडामामाचं म्हणणं. शेजारी टेम्पोवाला चहा पीत हसत होता.

श्रीशैल मारे वाद घालत होता. बिरुदेव मात्र फाटकाला टेकून शांतपणे म्हणाला, "मामा, एक सांगा की. मेंढा आनि रोबो भिडले तर कोन जिंकंल?"

"हे काय विचारणं झालं? मेंढा," गुंडामामा म्हणाला.

"काय बोलता मामा?" टेम्पोवाला म्हणाला. "लोखंड आहे ते. मेंढ्याचं डोकं फुटेल."

"तू मेंढ्याची टक्कर बघितलीस का कधी? नुसता टेम्पो चालवतोस."

"टेम्पोपण लोखंडाचाच आहे. आणा तुमचा मेंढा."

गुंडामामा खुर्चीवरून उठला. मेंढा कसा मागे सरतो आणि कसा येतो, हे दाखवायला तो स्वतः चार पावलं मागे गेला आणि डोकं खाली घालून टेम्पोच्या दिशेने निघाला. पुढे काय झालं ते बघायला तिघं थांबले नाहीत. फाटक उघडंच होतं.

आत मागांचा खडखडाट, हवेत कापसाचं तूस. टॉवेलांचा ढीग लागला होता, प्रत्येकावर तीच लढत. अनिलकुमार काका खुर्चीवर पाय वर घेऊन मॅच बघत होता. राजनंदिनीने सगळ्या मागांचं लाल बटण दाबलं. अचानक शांतता झाली तेव्हा काकाला वाटलं विकेट पडली.

श्रीशैलने टॉवेल त्याच्या नाकासमोर धरला. काकाने बघितलं, डोळे चोळले, पुन्हा बघितलं. मग त्याने शर्टाचा खिसा चाचपला. आतून बडीशेप, एक स्क्रू आणि अगदी तसाच दुसरा काळा पेनड्राइव्ह निघाला. मोराचं डिझाइन त्यात होतं. काल रात्री देवळासाठी गाणी भरायला म्हणून त्याने वाटीतला पेनड्राइव्ह खिशात टाकला होता आणि पहाटे हाताला येईल तो मागाला लावला होता.

"दोन्ही सारखेच दिसतात रे," तो दीनवाणा होऊन म्हणाला.

बिरुदेव श्रीशैलकडे बघत नव्हता. टॉवेलची दशी ओढत तो म्हणाला, "तुज्यावर उगं आळ घेतला."

"असू दे."

"मेंढ्याला खोट हाय." बिरुदेवने दशी सोडून दिली. "डोकं खाली घालून निघाला की त्याला काय दिसत न्हाय. बाजूला सरलं की त्यो सरळ जाऊन भिताडावर आपटतो. मी मुद्दाम सांगितलं न्हवतं."

राजनंदिनीने मागाला लावलेला गेमचा पेनड्राइव्ह उपसला आणि मेंढ्याची ही खोट गेममध्ये घालायला काचेच्या ऑफिसमधल्या कॉम्प्युटरकडे पळाली. तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

टॉवेल लपवायचे कुठे? काका एक गठ्ठा घेऊन टेबलाखाली शिरला आणि तिथेच अडकला. श्रीशैलने उरलेल्या ढिगावर पोतं टाकलं. बिरुदेव पोत्यावर बसला. दारातून चनबसप्पा, पांढऱ्याशुभ्र धोतरातले शिवलिंगप्पा आणि त्यांची थोरली बहीण शिवम्मा आत आले. उन्हाने तिघांच्या अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या. शिवम्माआजींनी इकडेतिकडे बघितलं, बिरुदेवच्या बुडाखालून लोंबणारं टॉवेलचं टोक धरून सर्रकन ओढलं आणि तोंड पुसलं.

मग त्यांनी टॉवेल डोळ्यांसमोर धरला.

शिवलिंगप्पांनी खालची नावं मोठ्याने वाचली. मग वरचं चित्र बघितलं. चनबसप्पांचा रंग उतरला. टेबलाखालून काकाचा आवाज आला, "दादा, हा पोरांचा खोडसाळपणा आहे."

चनबसप्पा श्रीशैलकडे वळले. तो काही बोलणार तोच शिवम्माआजी म्हणाल्या, "हे मेंढरू जिंकतंय की हरतंय?"

"जिंकतंय, आजी," बिरुदेव म्हणाला.

"हौदा? खरंच?" आजी खूश झाल्या.

"इल्ला, इल्ला, मुळीच नाही," शिवलिंगप्पाही नकळत कानडीत सुरू होऊन बोलून गेले. "अक्का, समोरचं लोखंडाचं आहे. जनावर काय करणार त्याला?"

"तुला लहानपणी मेंढ्याने विहिरीत ढकललं होतं. तेव्हापासून तू त्याच्या वाईटावर."

"तो विषय इथे कशाला?"

"आणि ही बाई कोण गोळा घेऊन?"

कुणाच्या लक्षातही आलं नाही, पण लग्न, आहेर, अपमान सगळं बाजूला पडलं होतं. फाटकावर जे झालं तेच इथे चाललं होतं. श्रीशैलने ते ओळखलं.

"भांडताय कशाला?" तो म्हणाला. "खेळून बघा. हे सगळे आमच्या गेममधले आहेत. मेंढासुद्धा."

ऑफिसमधून राजनंदिनीने बोट वर केलं. मेंढ्याला खोट घालून झाली होती.

शिवलिंगप्पांनी धोतर सावरून रोबो घेतला. आजींनी मेंढा. उरलेल्या भूगोलाच्या बाई चनबसप्पांच्या वाट्याला आल्या. पहिल्या लढतीत मेंढ्याने रोबोला उडवलं. दुसऱ्या वेळी श्रीशैलने शिवलिंगप्पांच्या कानात काहीतरी सांगितलं. मेंढा आला, रोबो बाजूला सरला, मेंढा भिंतीवर आपटला. तेवढ्यात डोळे मिटून बटणं दाबणाऱ्या चनबसप्पांच्या भूगोलाच्या बाईंनी गोल फेकला आणि दोघंही गार. चनबसप्पांनी डोळे उघडले आणि आपण जिंकल्याचं बघून पहिल्यांदा मागे वळून पाहिलं, की हे दुसरंच कुणी केलं की काय.

आता कोण जिंकेल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. म्हणून कुणीही उठेना. बाहेरून गुंडामामा आणि टेम्पोवालाही आले, एकाच्या कपाळावर टेंगूळ, दुसऱ्याच्या टेम्पोच्या दाराला पोचा. दोघांनी रांग लावली.

शेवटी शिवलिंगप्पा उठले. आहेराला मोरच हवेत, त्यात बदल नाही, असं त्यांनी बजावलं. काकाने टेबलाखालून निघून योग्य पेनड्राइव्ह लावला, आणि या वेळी पहिला नग चारी कोपऱ्यांतून तपासला. मग शिवलिंगप्पांनी पोत्याखालचा ढीगही गाडीत टाकायला सांगितला. हे रुखवतात मांडू, म्हणाले, वऱ्हाडी मंडळी जेवणापर्यंत भांडत बसतील आणि कुणी मानपानावरून रुसणार नाही.

"हे पोरांनी केलं?" त्यांनी चनबसप्पांना विचारलं. "शाबास आहे."

चनबसप्पा घसा खाकरून म्हणाले की हो, आमचीच पोरं. 'आमची' म्हणताना त्यांनी बिरुदेवच्याही डोक्यावर हात ठेवला. घरचा कॉम्प्युटर घरीच राहील, तेही जाहीर झालं.

"आणि शिबिर?" श्रीशैलने हळूच विचारलं.

चनबसप्पा विचारात पडले. फी परत मिळत नव्हती. त्यांची नजर सावकाश फिरत फिरत अनिलकुमार काकावर जाऊन थांबली.

सोमवारी सकाळी तीन सायकली बागेपाशी थांबल्या. आत गोल उभा होता. त्यात सगळ्यात उंच मुलगा हात वर करून हा-हा-हा करत होता, आणि त्याच्या खांद्यावर मेंढ्याचा टॉवेल होता. समोर शिबिराचे सर शिट्टी फुंकत होते.

बिरुदेवने कठड्यावर हनुवटी ठेवली. "काका आनि शिट्टीवाले सर भिडले तर?"

"काका," श्रीशैल म्हणाला.

"सर," राजनंदिनी म्हणाली. "शिट्टी आहे त्यांच्याकडे."

घरी पोचेपर्यंत वाद मिटला नाही. मग कॉम्प्युटर सुरू करण्यावाचून इलाजच नव्हता.