दाजींचं फोल्डर

बग कळवणाऱ्या माणसांबद्दल त्याचं मत ठरलेलं होतं: यांना कुणी कॉम्प्युटर विकलाच कसा?

युनिक्स या संगणक-प्रणालीच्या जुन्या कमांड दुरुस्त करणं हे त्याचं काम. फाइलींची नक्कल करणारी, फाइली हलवणारी, पुसणारी अशी छोटी छोटी साधनं. ती बिघडली की तक्रारी त्याच्याकडे येत आणि तो त्या नाक मुरडत वाचे. ‘माझ्या फाइली आपोआप गेल्या.’ आपोआप! स्वतःच्या हातांनी पुसायच्या आणि खापर कमांडवर फोडायचं. ‘चूक वापरणाऱ्याची’ एवढं लिहून तो तक्रार बंद करी, आणि त्यानंतरचा चहा त्याला जरा जास्तच गोड लागे. ऑफिसात त्याला पाठीमागे पंतोजी म्हणत. त्याला ते ठाऊक होतं. त्यात चिडवण्यासारखं काय आहे, ते मात्र त्याला कळत नसे.

घर ताईचं होतं. दाजी गेल्यावर तिला सोबत म्हणून आपण राहायला आलो, असं तो सांगे. आयतं जेवण मिळू लागलं, हे सांगत नसे. दाजी नकाशे काढायचे, आधी पेन्सिलने, मग कॉम्प्युटरवर. मागच्या खोलीतल्या त्यांच्या कॉम्प्युटरवर आता पंतोजी बसे. दाजींचे नकाशे, फोटो, सगळं त्याने ताईला एका वेगळ्या डिस्कवर काढून दिलं आणि मागे उरलेलं रिकामं फोल्डर पुसायला घेतलं.

कमांड म्हणाली, फोल्डर रिकामं नाही.

त्याने फोल्डरच्या आत जाऊन पाहिलं. काही नव्हतं. लपवलेल्या फाइली शोधल्या, त्याही नव्हत्या. डिस्क तपासली, ठणठणीत. पुन्हा पुसायला गेला, तर तेच. फोल्डर रिकामं नाही.

“मग राहू दे ना,” ताई दारातून म्हणाली. तिच्या हातात मटारच्या शेंगांचं ताट होतं. “ते पुसल्यावाचून तुझं काय अडलंय?”

“ताई, ही माझी कमांड आहे. मी सांभाळतो ती. आणि ती धडधडीत खोटं बोलतेय.”

“ती कशाला खोटं बोलेल?” असं म्हणून ताई भिंतीकडेला बसली आणि शेंगा सोलू लागली.

दाजी होते तेव्हाही ती इथेच बसायची. ते नकाशा काढत आणि ती हातातलं काम करता करता दिवसभराचं सांगत राही. आताही ती तशीच बसे, आणि सांगेही. कुणाला, ते पंतोजीने विचारलं नव्हतं. नवरा गेलेल्या बायका करतात असलं काहीतरी, म्हणून त्याने ते सोडून दिलं होतं.

ऑफिसात त्याने ही गोष्ट सहज म्हणून शेजारच्या टेबलावरच्या तरुण इंजिनिअर मुलीला सांगितली. तिने कमांडचा कोड उघडून सावकाश वाचला.

“सर, कोड बरोबर आहे.”

“मग?”

“मग ती खरं सांगत असेल. आत काहीतरी असेल.”

“काहीतरी म्हणजे? भूत?” आजूबाजूच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तो हसला. ती हसली नाही.

“मी असते तर ते फोल्डर वाढतंय का, एवढं बघितलं असतं,” ती म्हणाली आणि आपल्या कामाला लागली.

कालची पोर, आणि अकलेचे तारे तोडते! तरी घरी आल्यावर त्याने जागा मोजणारी कमांड चालवलीच. रिकाम्या फोल्डरने थोडीशी जागा व्यापली होती. ताई येऊन बोलून गेली की ती जागा वाढलेली असे. ताई मैत्रिणीकडे राहायला गेली तेव्हा मुळीच वाढली नाही. फोल्डरमध्ये शेवटचा बदल कधी झाला, असं विचारलं की उत्तर एकच येई: आत्ता. त्याने मशीनचं घड्याळ तपासलं. ते बरोबर होतं. हल्ली खोलीत पेन्सिल तासल्याचा वास येई. घरात पेन्सिल वापरणारं कुणी उरलं नव्हतं. त्याने खिडकी उघडली, पण वास गेला नाही.

एखाद्या शहाण्या माणसाने इथे हात टेकले असते. पंतोजी शहाणा नव्हता, हुशार होता.

सुट्टीच्या दिवशी दुपारी त्याने कमांडमध्ये दुरुस्ती केली. फोल्डर रिकामं आहे का, हे सिस्टिमला विचारायचंच नाही. नोंद थेट डिस्कवरून खोडायची. ताई मागे येऊन उभी राहिली होती.

“नको पुसूस रे,” ती म्हणाली. “त्यांची तेवढी एकच जागा राहिलीय.”

“तिथे कुणी नाहीये, ताई.”

“आहेत. मी बोलले की ऐकतात. मला कळतं ते.”

ती रडत होती. त्याला दया यायला हवी होती. आला तो वैताग. शिकली-सवरलेली बाई, आणि हा अडाणीपणा! “रिकामं म्हणजे रिकामं,” तो म्हणाला. ताई डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. त्याने बटण दाबलं.

पडद्यावर काहीच उमटलं नाही. काम फत्ते झालं की या कमांड गप्प बसतात. बोलतात त्या फक्त काही चुकलं तर. चारी मुंड्या चीत, असं म्हणत त्याने हात चोळले. मग सवयीने, आपण कुठे आहोत ते सांगणारी कमांड चालवली.

उत्तर आलं: अशी जागा नाही.

त्याला आधी हसूच आलं. पाहणी करायला तो टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, त्या फोल्डरच्या आत गेला होता, आणि बाहेर न येताच त्याने ते पुसलं होतं. नवशिक्यांची चूक. अशांची त्याने किती टर उडवली होती! युनिक्स असं करताना अडवत नाही. जागा जाते, आत असलेला आतच राहतो, फक्त त्याला पत्ता उरत नाही.

त्याने वरच्या फोल्डरमध्ये जाऊन पाहिलं. वर काही नव्हतं.

टर्मिनल बंद केलं. ते बंद होईना.

डोक्यावर पंखा फिरत होता. त्याचा आवाज येत नव्हता. वारा लागत नव्हता.

“ताई!” त्याने हाक मारली. ती त्याची त्यालाच ऐकू आली नाही.

स्वयंपाकघरातलं मात्र सगळं ऐकू येत होतं. कपबशी वाजली. कुणीतरी घसा खाकरला; कोरडा, हळू, ओळखीचा. ताई हसली. या घरात राहायला आल्यापासून त्याने तिचं हसू ऐकलं नव्हतं.

पावलं आली. दार उघडलं. तो खुर्चीतून धडपडत उठला, तिच्या अगदी समोर उभा राहिला.

ताईने खोलीभर नजर फिरवली. ती नजर त्याच्यावरून गेली, कुठेही न थांबता.

“अहो, इथे तर कुणीच नाही,” ती मागे वळून म्हणाली.

“मग पंखा कशाला चालू ठेवलाय?” स्वयंपाकघरातून आवाज आला.

“खरंच की,” ताई म्हणाली. तिने हात लांब करून पंखा बंद केला आणि दार ओढून घेतलं.