शेवटी चिकटवायचं पान

सोमवारी सकाळी वाऱ्याचा एक झोत आला आणि तिच्या हातातल्या खोक्यातली पानं जिनाभर उधळली. ती गुडघ्यांवर बसून पानं गोळा करू लागली, तोच खालच्या पायरीवर, खळीचे डाग पडलेल्या एका चपलेनं पान एकशे बारा दाबून धरलं.

“पाय काढा आधी!”

“काढला तर पान गटारात जाईल, मग शिव्या द्याल,” चपलेचा मालक शांतपणे म्हणाला. “त्यापेक्षा आत्ताच देऊन टाका. मी उभा आहे.”

तिनं शिवी दिली नाही. शिवीला आवाज लागतो. आणि आपला आवाज तिनं सहा वर्षांपूर्वी विभागप्रमुख सरांच्या टेबलावर ठेवला होता, तो परत मागायचं राहूनच गेलं होतं.

ज्या पुस्तकबांधणीच्या दुकानाकडे ती निघाली होती, त्याच दुकानाचा तो बाइंडर निघाला. दुकानात पावतीवर तिची सही घेऊन तो लगेच पानं चाळू लागला; शिवण्याआधी प्रत पानापानानं तपासायची, ही त्याची खोड. पान एकशे बाराच्या समासात, खोडायची राहिलेली पेन्सिलीची एक ओळ होती : ‘इथे माझी चूक झाली. पुन्हा चढून मोजणे.’

“पुस्तक कुणाचं?”

“सरांचं. पहिल्या पानावर नाव आहे ना.”

“नाव आहे. अक्षर मात्र तुमचं आहे, आत्ताच पावतीवर पाहिलं.” त्यानं मान तिरपी केली. “सरांच्या चुकासुद्धा तुम्हीच करता? केवढी ही सेवा!”

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या... रागानं की कशानं, ते तिनं तपासलं नाही.

दीपगृहांच्या राखणदारांचा तो इतिहास होता. सत्तावीस दीपगृहं ती एकटी चढली होती. सर चढले नव्हते. त्यांना उंची सोसत नसे, पदाची सोडून. त्यांनी केवळ प्रस्तावना लिहिली होती, आणि तीही तिनंच दुरुस्त केली होती. शुक्रवारी हे पुस्तक विद्यापीठाच्या समितीपुढे जायचं होतं. शेवटच्या पानावर तिचे आभार होते, टंकलेखनासाठी.

“शीर्षकपान मी शिवत नाही,” बाइंडर म्हणाला. “सगळ्यात शेवटी खळीनं चिकटवतो. गुरुवारी चारला. तोवर दुसरं पान आणलंत तर ते लावीन; नाहीतर हेच.”

“दुसरं पान नाहीये.”

“बरं.”

त्या ‘बरं’नं तिची झोप उडाली. मंगळवारी ती दोऱ्याचा रंग ठरवायला गेली. बुधवारी तोच रंग बदलायला.

“दोरा आतच राहणार,” तो हसला. “कुणाला दिसणार नाही.”

“मला माहीत असेल ना.”

“मग नावाचं काय?”

तिनं दोऱ्याचं रीळ परत फळीवर ठेवलं. दादानं फोनवर बजावलं होतं, “हे बघ, आधी नोकरी, मग नाव. वरच्यांशी वाकडं घेऊन कुणाचं भलं झालंय?” दादा चुकीचं बोलत नव्हता. तो तिच्याच भीतीची भाषा तिच्याहून सफाईनं बोलत होता, इतकंच. त्या सायंकाळी तिनं एक पान छापून घेतलं आणि ते पिशवीच्या तळाशी दडवलं.

गुरुवारी दुपारी ती सरांच्या खोलीत उभी राहिली.

“सर, पुस्तकावर... माझं नाव हवं.”

सर वत्सलपणे हसले. याच हास्यानं त्यांनी अनेकांची आयुष्यं नापास केली होती. “बाळ, नाव म्हणजे ओझं. तुझ्याऐवजी मी वाहतोय ते.”

ती टेबलाच्या आणखी जवळ गेली.

“सर, अकराव्या दीपगृहाला पायऱ्या किती?”

“ही काय पोरकट...”

“दोनशे चौदा. आधी दोनशे बारा मोजल्या होत्या. पुन्हा चढले. प्रत्येक पायरीवर भीती वाटत होती, सर. आत्ता वाटतेय तेवढीच.”

सरांनी चष्मा काढला. “उद्यापासून यायची गरज नाही. आणि समितीवर माझी माणसं आहेत, हे लक्षात ठेव.”

चार वाजायला दहा मिनिटं असताना ती दुकानात शिरली आणि पिशवीतलं पान तिनं पुढे धरलं. पानावर एकच नाव होतं. बाइंडरनं ते वाचलं, मोठ्यानं, पूर्ण. मग कडेला खळीचं बारीक बोट ओढून पान तिच्याकडे सरकवलं.

“तुम्हीच लावा.”

“हात थरथरतोय माझा.”

“थरथरू दे. खळ तेवढ्यानं सुटत नाही.”

तिनं पान दाबलं. त्यानं तिच्या बोटांवर आपला तळवा ठेवला. पान नीट बसावं म्हणून, आणि पान बसल्यावरही.

“उद्या समितीपुढे मी एकटीच असेन,” ती पुटपुटली. “फार भीती वाटतेय हो...”

“मी दाराबाहेर उभा असेन. खळ पुरती वाळेपर्यंत बाइंडरनं पुस्तक सोडायचं नसतं. धंद्याचा नियम आहे.”

“असा नियम आहे?”

“सोमवारपासून,” तो म्हणाला. “जिन्यावर केला.”