ओट्याशी वळायला जागा

"ती घेऊ नका."

पांढऱ्या फरशीवर बोट ठेवून मी दुकानदाराला 'हीच द्या' म्हणणार, एवढ्यात मागून आवाज आला. वळून पाहिलं. सिमेंटचे डाग पडलेला निळा शर्ट, कानामागे पेन्सिल, आणि माझ्याकडे नव्हे, फरशीकडे रोखलेली नजर.

"तुम्हाला कोणी विचारलं?"

"कोणीच नाही. पण आत्ताच तुम्ही यांना सांगत होतात, आई स्वयंपाकघरात घसरली, खुब्याचं ऑपरेशन झालं... आणि घेताय आरशासारखी फरशी."

"फरशी बसवतो हा," दुकानदार ओशाळून म्हणाला. "तोंड जरा जास्त चालतं, पण हात सरळ आहे."

"दादाने पसंत केलीये," मी म्हणाले. "चकचकीत फरशीने अरुंद खोली मोठी दिसते."

"दिसते. होत नाही."

त्याने दोन फरश्या जमिनीवर ठेवल्या, पाणी ओतलं, वर साबणाचा थेंब टाकला. "चप्पल काढून पाय ठेवा."

मी हट्टानेच पांढरीवर पाय ठेवला. तो सटकन् गेला आणि माझं मनगट त्याच्या हातात आलं.

"आता दुसरीवर," हात सोडत तो म्हणाला.

दुसरी राखाडी होती, हाताला किंचित खरखरीत. पाय जागच्या जागी राहिला. छातीतली धडधड मात्र थांबेना... ती घसरल्यामुळेच आहे, असं मी स्वतःला बजावलं.

आई आठ दिवसांनी घरी येणार होती. घरात सगळ्यांना माहीत होतं की तिला चक्कर आली. ती घसरली हे त्या दुकानात मी पहिल्यांदाच कोणाला सांगितलं होतं, कारण तिथे मला कोणी ओळखत नव्हतं.

दादा कामानिमित्त बाहेरगावी होता. त्याला न विचारताच मी राखाडी फरशी मागवली आणि बसवायचं काम त्या निळ्या शर्टवाल्यालाच दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माप घ्यायला आला. स्वयंपाकघर सव्वाचार फूट रुंद. एक माणूस ओट्याशी उभा राहिला की दुसऱ्याने आडवं होऊन जायचं.

"दोन फुटांचा ओटा ठेवला तर वॉकर आत जाईल, पण वळणार नाही," तो म्हणाला. "शेगडीपुरता रुंद ठेवू, पुढे दीड फूट. तेवढा भाग खालून मोकळा आणि बुटका. आईंना बसून काम करता येईल. त्यांची उंची किती?"

"माझ्याएवढीच."

"मग स्टुलावर बसा. भाजी चिरताना धरता तसा हात धरा."

मी बसले. टेप माझ्या कोपराला टेकला, त्याचं बोट मात्र नाही. तेवढं अंतर त्याने काटेकोर राखलं, आणि मला ते अंतर फार जाणवलं.

"श्वास घेतलात तरी चालेल," टेपवरची नजर न काढता तो म्हणाला. "मापात फरक पडत नाही."

"मी घेतेय."

"बरं," तो म्हणाला, आणि पेन्सिलीने भिंतीवर रेघ मारताना हसू लपवलं.

मग रोज ते हसू... रोज चहा नेताना माझं दाराशी उगाच थांबणं. "वाळू सांडलीये, जपून या," असं त्याचं म्हणणं, आणि झाडलेल्या जमिनीवर वाळूचा कणही नसणं.

सहाव्या दिवशी दादा परतला. बॅग खाली न ठेवताच तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"हे काय? मी पांढरी सांगितली होती."

"पांढरीवर पाय घसरतो, दादा."

"आईला चक्कर आली होती. फरशीचा काय संबंध?" तो मिस्त्रीकडे वळला. "उखडा सगळं."

मिस्त्रीने थापी खाली ठेवली. "ह्यांनी सांगितलं तर उखडतो," माझ्याकडे पाहत तो शांतपणे म्हणाला.

दोघेही माझ्याकडे बघत होते.

"चक्कर नव्हती आली," मी म्हणाले. "फरशी मी पुसली होती. फोन वाजला म्हणून ओलीच टाकून बाहेर गेले. आई घसरली... आणि मला कोणी बोलू नये म्हणून चक्कर आल्याचं सांगत राहिली. मी तिला सांगू दिलं."

दादाचा चेहरा उतरला. त्याने हातातली बॅग खाली ठेवली. मला वाटलं, आता हा बोलेल ते आयुष्यभर लक्षात राहील.

"मला तरी सांगायचंस," एवढंच तो म्हणाला. मग मिस्त्रीला, "ओटा कधी बसतोय?"

आई आली तेव्हा आम्ही तिघंही श्वास रोखून भिंतीला चिकटलो होतो. वॉकर टेकत ती आत गेली. एक पाऊल... दुसरं... टोकाशी थांबली. वॉकर उचलला, वळवला. कुठेही अडकला नाही. मग बुटक्या ओट्याशी बसून तिने त्यावर दोन्ही हात पसरले.

"डोकं कोणाचं?" तिने विचारलं.

"ह्यांचं," मिस्त्री आणि मी एकदमच म्हणालो, एकमेकांकडे बोट दाखवत. आई माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली.

अवजारांची पिशवी घेऊन मिस्त्री निघाला. मी जिन्यापर्यंत गेले.

"काम कालच संपलं होतं ना?"

"हो."

"मग आज?"

"वॉकर वळतो का बघायचं होतं," दोन पायऱ्या उतरून तो थांबला. "आणि... पुन्हा यायला काही कारण उरलंय का, तेही."

"उरलंय?"

"माझ्याकडे आहे. पण तुमच्या दादाला ते पटायचं नाही. फरशी बसवणारा माणूस मी."

"दादाला मी सांगेन. अवघड गोष्टी सांगायची सवय होतेय मला."

"काय सांगाल?"

"आधी तू मला सांग," मी म्हणाले, आणि तोंडून गेलेल्या 'तू'ने माझेच कान तापले.

त्याने पिशवी पायरीवर ठेवली.

"तू आवडतेस मला," तो म्हणाला, आणि उतरलेल्या दोन पायऱ्या पुन्हा चढून आला.