मधातलं पाणी

गोकुळचा फोन आला तेव्हा मी धामणगाव बढ्याच्या माझ्या दुकानात मळणीयंत्राचं इंजिन खोलून बसलो होतो. सकाळचे अकरा झाले असतील. पौषातला ढगाळ दिवस, उजेड कसा मळकट.

"प्रेमानंदभाऊ, बोट लय गरम होऊन राह्यली," तो म्हणाला. "आज येता का?"

बोट कोणती ते सांगतो. आमच्याकडच्या धरणाच्या पाण्यानं एक वस्ती पलीकडे अडकली आहे. रस्त्यानं मोठा वळसा पडतो, म्हणून वस्तीवाल्यांनी एक लोखंडी बोट ठेवली. तिच्या पोटात, फळ्यांच्या पेटीखाली, डिझेल इंजिन बसवलेलं. धरणाचंच पाणी पंपानं ओढायचं, इंजिनाभोवती फिरवायचं आणि मागच्या नळीतून धुरासोबत बाहेर टाकायचं. त्या पंपात सहा पात्यांचा एक रबरी पंखा असतो, तळहाताएवढासुद्धा नाही. तो गेला की पाणी चढत नाही, इंजिन तापतं आणि बंद पडतं.

हे मी नीट सांगतो, कारण त्या पंख्यापायी वस्तीवरची कोकिळा गेली.

भादव्यात तिला कळा सुरू झाल्या म्हणून अलीकडे आणत होते. सोबत सासू भिमाबाई, बोट चालवायला उकंडराव. मधात, ऐन धरणाच्या मध्यावर, इंजिन बंद पडलं. लोखंडी बोट, उलटा वारा, वल्ह्यानं हलेना; मोबाइलला रेंज नाही. मासे धरणाऱ्यांनी दोन तासांनी दोर बांधून ओढत आणली, तेव्हा आई गेलेली आणि पोटातलं लेकरूही.

त्याच्या तीन आठवडे आधी मी पंप खोलला होता. पंख्याची दोन पाती मुळाशी चिरलेली दिसली. नवा पंखा मलकापूरहून आणावा लागणार होता. मी जुनाच परत बसवला आणि उकंडरावला म्हणालो, "आठ दिवस चालते." मग पोळा आला, माणसं इंजिनं घेऊन रांगेनं येऊ लागली, आणि मी विसरलो. इतकंच झालं.

लोक उकंडरावला म्हणाले, तू इंजिन सांभाळलं नाहीस. मी त्या घोळक्यातच उभा होतो. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही. त्याला बोटीवरून काढलं, त्याच्या जागी गोकुळला ठेवलं. वस्तीत कोणी त्याच्याशी बोलेना, तेव्हा बायकोला, शालूबाईला, घेऊन तो उंद्रीला निघून गेला. कोकिळा गेल्याच्या तिसऱ्या दिवशीच मी एकटा जाऊन पंप खोलला होता. तीन पाती तुटली होती. तो पंखा मी खोल पाण्यात भिरकावला आणि नवा बसवला. कोणी पाहिलं नाही.

तर त्या दिवशी दुपारी मी काठावर पोहोचलो. गाळाचा वास सुटला होता. मी पाणी ओढायची जाळी काढून पाहिली, साफ होती. पट्टा ताठ. पंपाचं झाकण उघडलं. नवा पंखा, सहाच्या सहा पाती धड. इंजिन चालू केलं, अर्धा तास चालवलं. मागच्या नळीतून पाण्याची धार पडत होती, तापमानाचा काटा जागचा हलला नाही.

"काहीच नाही बे याले," मी म्हणालो.

"इथं नाही होत भाऊ. मधात गेलं का होते. रोज एकाच जाग्यावर."

उन्हाळ्यात पाणी आटेपर्यंत त्याला थांबणं शक्य नव्हतं. पलीकडे दोन बाया दिवस भरलेल्या होत्या. मी पिशवीत एक जादा पंखा टाकला आणि चढलो. तेवढ्यात भिमाबाई आली. बाजार करून वस्तीवर निघाली होती. माझ्याकडे न पाहता पुढच्या फळीवर बसली.

बुडालेल्या बाभळींचे शेंडे ओलांडले की पाणी काळं होतं. वारा मुळीच नव्हता. इंजिनाचा आवाज पाण्यावरून जाऊन परत येत होता. आणि काटा चढू लागला. मी मागे वाकून पाहिलं. नळीतून नुसता कोरडा धूर येत होता. जळक्या रबराचा वास आला, इंजिन दोनदा अडखळलं आणि बंद पडलं.

मग इतकी शांतता झाली की तापलेलं लोखंड टिकटिकताना ऐकू येत होतं.

मी पेटी उघडली, पंपाचे चार बोल्ट काढले. झाकण हातात आलं आणि माझा हात तसाच राहिला. आत जुना पंखा होता. तीन पाती गेलेली. बाहेर काढताना माझ्याच पक्कडीनं पडलेला ओरखडा त्याच्या पितळी गाभ्यावर होता. आणि तो थंड होता. हात लावता येणार नाही असा तापलेला पंप, आणि त्याच्यात तो खोल पाण्यासारखा थंड.

तेव्हा खालून आवाज आला. बाईचा, दमलेला.

"झालं का हो भाऊ…?"

मी भिमाबाईकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते. गोकुळ सुकाणू धरून डोळे बंद करून बसला होता.

"झालं का…?"

आवाज माझ्या पायांखालच्या पत्र्यामागून येत होता. पत्र्याच्या पलीकडे फक्त पाणी.

"कोकिळा हाय," भिमाबाई हळूच म्हणाली. "इथं आलं का इचारते. कोणी उत्तर देत नाही तिले. तू मिस्तरी हायेस, तू दे."

 चार महिने जे गिळून होतो ते आपोआप वर आलं.

"नाही झालं," मी म्हणालो. "नाही झालं माय. पंखा चिरलेला होता… मले दिसलं होतं. मीच म्हणलो, चालते. उकंडरावची काही चूक नव्हती."

आवाज थांबला. बोट थोडी हलली, एका बाजूनं कोणी भार द्यावा तशी.

भिमाबाई माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"मले काऊन सांगतो?" ती म्हणाली. "ज्याचं तोंड काळं केलं त्याले सांगजो."

मी जादा पंखा बसवला. घाईत एक बोल्ट हातातून सुटून पाण्यात गेला. इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं. पलीकडे उतरताना ती एवढंच म्हणाली, "माह्या दारात येऊ नको आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उंद्रीला गेलो. उकंडराव एका गोदामावर राखणदार होता, तिथल्याच खोलीत राहायचा. खूप वाळला होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. शालूबाई दारातून ऐकत होती. माझं बोलणं संपायच्या आधीच ती आत निघून गेली.

"मले मालूम होतं," उकंडराव म्हणाला. "तू आठ दिवस म्हणला होता. मीबी इसरलो. पण तू तिथं बोलशीन असं वाटलं होतं मले."

मी मग आवाजाचं सांगितलं. कोकिळा कशी विचारते ते.

तो हलला. "कोकिळा? त्या दिवशी तिची दातखीळ बसली होती भाऊ. दोन तासांत एक शब्द नाही बोलली ती."

"मंग…?"

"ते पह्यलेपासून इचारते. धरण भरलं तवापासून. बारा वर्षं मी बोट चालवली, रोज मधात गेलो का 'झालं' म्हणून टाकायचो, मंग ते खालीच राह्यचं. त्या दिवशी तिच्या नादात राहून गेलं." तो माझ्याकडे वाकला. "तू काय म्हणला त्याले?"

"नाही झालं, म्हणलो."

उकंडराव उठून आत गेला आणि दाराला आतून कडी लावली.

मी मोटारसायकल चालू करत होतो तेव्हा गोकुळचा फोन आला.

"भाऊ, इंजिन बराबर हाय," तो दबक्या आवाजात म्हणाला. "पण बोट काल संध्याकाळपासून काठाले बांधून हाय. रिकामी हाय. आत थेंबभर पाणी नाही, मी दोनदा फळ्या काढून पाह्यलं." त्याच्या मागे लोखंडावर पाणी आपटत होतं. "मंग ती पाण्यात चार बोटं खाली काऊन बसली भाऊ…?"